अंबू कासारणीचं उणं

एका राज्यात एक चाल होती. कोणाला मान द्यायचा झाला, की आधी त्याचं उणं बोललं जायचं. नवरदेव बोहल्यावर चढण्याआधी, पाटलाला पागोटं बांधण्याआधी, नव्या विहिरीचं पहिलं पाणी ओढण्याआधीसुद्धा एक बाई पुढे यायची, पदर खोचायची आणि भर मांडवात स्वच्छ आवाजात सांगायची, "हा नवरदेव घोरतो आणि आईला उलटून बोलतो. हा पाटील बोलतो फार, ऐकतो कमी. या विहिरीचं पाणी चैत्रात मचूळ होईल." ते सगळ्यांनी ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि मग हार घालायचा. या बाईला उणेकरीण म्हणत. तिचं बोलणं ऐकताना नवरदेवाचे कान लाल होत, वऱ्हाडी गालात हसत, पण हार घातल्यावर कोणी पस्तावल्याचं त्या राज्यात फारसं ऐकिवात नव्हतं.

पुढे त्या राज्यावर काळंजय नावाचा मांत्रिक राजा बसला. तो आला तसा घुसूनच आला, त्यामुळे त्याचं उणं बोलायची सोय नव्हती. त्याने राज्यातल्या साऱ्या गावांची नावं काढून घेतली आणि एका लोखंडी पेटीत कोंडली. नाव गेलं तशी वाटही गेली. माहेरी निघालेल्या लेकी वाटेतच म्हाताऱ्या झाल्या. बांधावर गेलेला माणूस आपलं गाव समोर असून ओळखेना. शेजारच्या गावाला मदतीची हाक मारायची, तर कोणत्या नावाने मारणार? आणि लोक एकत्र येईनात म्हणून राजा निवांत झोपे.

फिरत राहिलं ते एकच माणूस. अंबू कासारीण. डोक्यावर बांगड्यांची पेटारी घेऊन ती गावोगाव जायची. तिला गावाचं नाव लागत नसे. उंबऱ्यात बसायची, समोरच्या बाईचा हात हातात घ्यायची आणि मनगटावरून म्हणायची, "इथं हिरव्या काचेला लाखेची कड लागते, म्हणजे हे डोंगरापलीकडचं गाव." बांगड्या भरता भरता तिने बायकांच्या कानात एक गोष्ट सांगितली, बायकांनी ती घरात सांगितली, आणि एका वैशाखात दोन हजार माणसं घराबाहेर पडून अंबूच्या मागे चालू लागली. पुष्कळ दिवसांनी ती राजधानीच्या गडावर पोचली. अंबूने पेटीचं झाकण उघडलं, नावं भुर्रकन उडून आपापल्या गावी गेली, आणि काळंजय वाळल्या शेणीसारखा पायरीवर ढासळला.

ढासळता ढासळता तो बोलला, "या बाईविषयी जे जे खोटं बोलाल, ते ते हिच्या अंगावर दगड होऊन बसेल. भर सभेत, साक्षीनिशी खरं बोललात तरच उतरेल. आणि ही दगडात असेतो नावं एकेक करून माझ्या पेटीत परत येतील."

लोक हसले. म्हणाले, हिच्याविषयी खोटं कोण बोलणार? आम्ही हिच्यासाठी जीव द्यायला निघालो होतो!

आणि तिथेच ती चूक झाली. अंबूच्या गळ्यात हार घालायला माणसं सरसावली तेव्हा नागोजी कारभारी म्हणाले, "आधी उणेकरणीला बोलवा." त्यावर कोणी म्हणालं, "केशरच्या घरी सुतक आहे." दुसरं म्हणालं, "आणि आजच्या दिवशी हिचं उणं ऐकायचं? जीभ झडेल!" साऱ्यांना ते पटलं. त्या राज्यात पहिल्यांदाच, उणं न बोलता हार पडला.

मग काय विचारता! एकजण म्हणाला, अंबूबाई जन्मली तेव्हा दाही दिशा उजळल्या. तिच्या घोट्याला दगड चढला. दुसरा म्हणाला, ती सात दिवस पाण्यावाचून चालली. पोटऱ्यांना चढला. ज्यांना हे स्तवन रुचलं नाही ते दुसऱ्या टोकाला गेले. ती राजाचीच हेर होती म्हणाले, पेटीतली चार नावं तिने पदरात बांधून नेली म्हणाले. कमरेला दगड चढला. अंबू हात जोडून सांगत राहिली, "बाबांनो, गप्प बसा." पण वादाला चढलेली माणसं कधी गप्प बसतात का? आठवड्याभरात तोंड मिटलं. आठ वर्षांत तिथे माणसाचा आकारही उरला नाही. गडाच्या पायरीवर एक धोंडा होता, त्याला कान लावला तर आत श्वास ऐकू येई, एवढंच.

राज्याचे दोन तट पडले. एक पात्रवाले, एक अपात्रवाले. पात्रवाले पागोट्याचा शेमला, म्हणजे लोंबतं टोक, उजवीकडे सोडत, अपात्रवाले डावीकडे. सोयरिकी मोडल्या. एका घरात नवराबायको दोन चुलींवर जेवत. गादीवर कोणी बसेना, कारण अंबू नायक व्हायला लायक होती की नव्हती हे ठरल्याशिवाय पुढचा लायक ठरवायचा कसा? आणि इकडे सतरा गावांची नावं परत पेटीत जाऊन पडली होती.

भाद्रपदात नागोजी कारभाऱ्यांनी धोंड्याला कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. ते तडक केशर उणेकरणीच्या दारी आले.

"केशरबाई, श्वास फार सावकाश चाललाय. दसऱ्यापुढे टिकेलसं वाटत नाही. तिचा श्वास थांबला की सगळी नावं जातील. जे काम आठ वर्षांपूर्वी राहिलं, ते करा."

केशर दारातच उभी राहिली. या बाईने त्या दिवसापासून धोंड्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. कारण तिचा एकुलता भाऊ हैबती अंबूबरोबर गेला होता, आणि भोवरी नदीच्या उतारावर, पायी पलीकडे जाताना, इतर आठजणांसह बुडाला होता. चालता येत होतं तोवर अंबू स्वतः येऊन या घराच्या ओट्यावर म्हणाली होती, "उतार मी निवडला. चूक माझी." केशर लहानपणीच, सातव्या वर्षी, जुन्या उणेकरणीकडे शिकायला राजधानीत आली होती. भाऊ तिला वर्षातून दोनदा भेटायला यायचा, भोवरीला पूर असताना आपण कसे पोहून आलो ते रंगवून सांगायचा, आणि ती डोळे विस्फारून ऐकायची. तिच्या आईने, गिरजाईने, मुलगा गेल्याचं कळताच गाव सोडलं आणि ती लेकीपाशी येऊन राहिली. आठ वर्षं रोज सकाळी गिरजाई गडावर जायची, धोंड्यासमोर उभी राहून म्हणायची, "माझ्या लेकाला तू मारलंस," आणि परत येऊन चूल पेटवायची.

"मी बोलले तर ती अपात्रच ठरेल, कारभारी," केशर म्हणाली.

"ठरू दे. खरं तेवढं असू दे."

"साक्षीदार?"

"माणसांत आता एकही उरला नाही, प्रत्येकाचा शेमला कुठल्यातरी बाजूला आहे. पाखरांकडे जा. त्यांनी सगळं पाहिलंय आणि त्यांना पागोटी नाहीत."

केशरने मनात तीन दूषणं पक्की केली. अंबूला वाट ठाऊक नव्हती. अंबू भित्री होती. आणि अंबूने हैबतीला मारलं. दशम्या बांधून ती निघाली. गिरजाईने तिला दारापर्यंत पोचवलं, पण नेहमीसारखं "सांभाळून जा" म्हणाली नाही.

पहिल्यांदा लागला नऊ वाटांचा माळ. मधोमध एक बाभूळ आणि बाभळीवर म्हातारी साळुंकी. खाली एक सुतार उभा होता. त्याच्या गावाचं नाव पेटीत परत गेल्यापासून, तीन वर्षं, तो तिथेच उभा होता. कोणत्या वाटेने जायचं ते कळेना, आणि बसलो तर राहिलेलं घरही विसरेन म्हणून बसेना.

केशर म्हणाली, "साळुंके, अंबू कासारीण इथून गेली तेव्हाचं सांग."

साळुंकी म्हणाली, "सांगीन. आधी त्या सुताराला बसव. माझ्या पिल्लांना त्याच्याकडे बघून बघून पाय दुखायला लागलेत."

केशरने विनवलं, सुतार बसेना. पाणी दिलं, उभ्याने प्यायला. मग तिने पदर खोचला आणि आपल्या धंद्यातलं काम केलं. म्हणाली, "सुतारदादा, तुमची करवत उलटी धरलीय. वाकस बोथट आहे. मिशी एका बाजूने कापलीय आणि दुसरी बाजू तीन वर्षं वाढतेय." सुताराने मिशीला हात लावून पाहिला. त्याला हसू फुटलं, इतकं की गुडघे मोडले आणि तो मटकन खाली बसला. बसल्या जागी त्याला गाढ झोप लागली.

साळुंकी म्हणाली, "बरं झालं. आता ऐक. अंबूला यातली एकही वाट माहीत नव्हती. या बाभळीखाली बसून रडली ती. मग एकेका बाईला बोलावलं, हात पाहिले, विचारलं, तुझी आत्या कुठे दिलीय, तुझ्या जावेचं माहेर कुठल्या अंगाला. त्यावरून एक वाट धरली. ती चुकली. दोन दिवसांनी सगळे परत इथेच. दुसरी धरली, तीही चुकली. प्रत्येक वेळी या दगडावर उभी राहून म्हणाली, 'माझं चुकलं, मागं फिरा.' तिसरी वाट बरोबर निघाली."

"म्हणजे ठाऊक नव्हती."

"मुळीच नव्हती," साळुंकी म्हणाली.

केशरने पदराला एक गाठ मारली. पहिलं दूषण सिद्ध झालं. चालता चालता मात्र तिला एक गोष्ट टोचत राहिली. उणेकरणीच्या धंद्यात तिने शेकडो पाटील पाहिले होते, पण दोन हजार माणसांसमोर उभं राहून "माझं चुकलं, मागं फिरा" असं दोनदा म्हणणारा एकही पाटील तिला आठवेना. तिने तो विचार झटकून टाकला.

पुढे आगीच्या वेशीपाशी एक प्रचंड वड होता. काळंजयाने बांधलेली ती वेस अजून धुमसत होती. वडाच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती. या पाखरांची रीतच अशी, की अंडी घालताना मादी ढोलीत बसते, ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेते, आणि एवढ्याशा फटीतून नर तिला भरवतो. हिचा नर वेशीच्या धुराने आंधळा होऊन फांदीवर बसला होता.

फटीतून आवाज आला, "बाई, नराचे डोळे तीन दिवसांत निवळतील. तोवर मला भरव. मग विचार काय ते."

केशर तीन दिवस वडावर चढत होती आणि उतरत होती. पिकलेली फळं वेचायची, फटीतून आत द्यायची. मादीची चोच मोठी आणि रीतभात कमी. दोनदा बोट चिमटलं. दोन्ही वेळा केशरने तिचं उणं तिला तोंडावर सांगितलं आणि पुढचं फळ दिलं.

चौथ्या दिवशी नर उडाला आणि मादी बोलली. "मी पाहिलं काही नाही, ऐकलं सगळं. अंबू पहाटे एकटीच या झाडाखाली आली. भीतीने ओकली. म्हणाली, 'मी बांगड्या भरणारी बाई, मला कुणी सांगितलं होतं हे,' आणि पळाली. पावलं ओढ्यापलीकडे गेली. दुपारी परत आली. माणसं तिला शोधत होती. तिने सांगितलं, 'मी पळून गेले होते. पेटारी विसरले म्हणून परत आले, आणि आता परत पळायची लाज वाटते. तुम्हाला दुसरं कोणी पुढे करायचं असेल तर करा.'"

"मग?"

"मग एकही पाऊल पुढे वाजलं नाही. कोणीतरी खाकरलं, पण ते पुढे व्हायला नव्हे. शेवटी पेटारी उचलल्याचा आवाज झाला आणि बांगड्या किणकिणत वेशीतून पलीकडे गेल्या. त्यांच्यामागून बाकीची पावलं."

केशरने दुसरी गाठ मारली. भित्री होती, हेही खरं ठरलं. आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही, आणि त्याचा तिला राग आला.

आता उरली भोवरी नदी. आठ वर्षं जिचं नाव घरात काढलं नव्हतं, त्या नदीच्या काठी केशर भर दुपारी पोचली. रेतीत, उघड्यावर, टिटवीची चार अंडी होती आणि टिटवी त्यांच्यावर पंख पसरून धापा टाकत होती.

टिटवी म्हणाली, "उणेकरणी, तू येशील हे ठाऊक होतं. माझी बोलायची तयारी आहे. पण मला पाणी प्यायला जायचंय आणि ऊन असं आहे, की घटकाभर उघडी राहिली तर अंडी शिजतील. माझं बोलून होईपर्यंत यांच्यावर पदराची सावली धर. काहीही ऐकलंस तरी सावली हलता कामा नये."

"धरते," केशर म्हणाली, आणि पदर पसरून वाकून उभी राहिली.

टिटवी पाणी पिऊन आली आणि समोरच्या दगडावर बसली. "अंबू इथे आली तेव्हा नदी चढती होती. ती म्हणाली, 'पलीकडची कोळीण संध्याकाळी येते, तिला उतार ठाऊक आहे, तोवर थांबू.' तेव्हा तुझा भाऊ पुढे झाला. म्हणाला, 'मी याच नदीचा. हा उतार मी दहा वेळा पार केलाय.' अंबूने विचारलं, 'नक्की?' तो म्हणाला, 'नक्की.' तिने पुन्हा विचारलं. तो म्हणाला, 'पुरात पोहलोय मी.' तिने तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा त्याने आईची शपथ घेतली."

केशरचा पदर घसरला. सावली हलली, अंड्यांवर उन्हाचा कवडसा पडला. तिने दात आवळून पदर सरळ केला.

"त्याने वीसजणांना एका दोराला बांधलं आणि स्वतः पुढे झाला. दहाव्या पावलाला तळ संपला. अंबूने मागून दोर धरला, तिच्या हातांची साल निघाली, बाराजण ओढून काढले. तुझा भाऊ दोर सोडून वाहत चालला होता. त्याला पोहता येत नव्हतं, बाई. अजिबात नाही. बुडण्याआधी तो ओरडला, 'आईला सांगू नका!' अंबू म्हणाली, 'नाही सांगत.' आणि तिने सांगितलं नाही. तुझ्या ओट्यावर येऊन काय म्हणाली ते तुला ठाऊक आहे."

केशर वाकून उभी होती आणि तिचे अश्रू अंड्यांशेजारच्या रेतीत पडत होते. तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं, टिटवीच्या अंगावर रेती फेकावीशी वाटत होती, पण खाली चार अंडी होती. ती दुपार टळेपर्यंत तशीच उभी राहिली. साऱ्या राज्याचं उणं काढणाऱ्या बाईला आपल्या भावाचं उणं कधी दिसलं नव्हतं. वर्षातून दोनदा येऊन थापा मारणारा तो हसरा भाऊ तिला इतका आवडायचा, की तिने त्याच्यावर आपला धंदा कधी चालवलाच नाही.

"मी हे सांगितलं नाही तर?" तिने विचारलं.

"तर दगड उतरणार नाही," टिटवी म्हणाली, आणि अंड्यांवर येऊन बसली.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी केशर घरी पोचली. गिरजाईने पाय धुवायला पाणी दिलं, पान वाढलं.

"मिळाला पुरावा? बुडवशील ना तिला?"

"उद्या सभेत सांगते, आई."

गिरजाईने लेकीकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग तिच्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

दसऱ्याला सकाळी गडावर सभा भरली. उजव्या शेमल्याचे उजवीकडे, डाव्या शेमल्याचे डावीकडे, मधे धोंडा. पुढच्या ओळीत गिरजाई. नागोजी कारभारी म्हणाले, "आठ वर्षांपूर्वी राहिलेलं उणं आज बोललं जाईल. मधे कोणी बोलायचं नाही."

केशरने पदर खोचला. "साळुंकीच्या साक्षीने सांगते. अंबूला वाट ठाऊक नव्हती. ती रडली, दोनदा चुकली आणि दोनदा सगळ्यांना मागं फिरवलं."

कडाड् करून धोंड्याचा एक थर फुटला आणि खाली पडला. डावे शेमले आनंदाने ओरडले, उजवे संतापले.

"धनेशाच्या साक्षीने सांगते. ती भित्री होती. ओकली, पळाली, लाजेने परत आली, आणि दुसऱ्या कोणाला पुढे व्हा म्हणाली. कोणी झालं नाही."

दुसरा थर फुटला. पण या खेपेला कोणी ओरडलं नाही, कारण त्या दुपारी वेशीपाशी खाली मान घालून उभे राहिलेले पुष्कळजण दोन्ही बाजूंना बसले होते. मग एक म्हातारा उठला. म्हणाला, "दाही दिशा उजळल्या असं मी म्हटलं होतं. ती जन्मली तेव्हा मी परगावी होतो." एक कपची पडली. डावीकडून दुसरा उठला, "तिने चार नावं पळवली असं मी म्हटलं होतं. मी पाहिलं नव्हतं. मेव्हण्याने सांगितलं." मेव्हणाही उठला. मग रांगच लागली. कोणी स्तुती मागे घेई, कोणी निंदा. दगडाच्या कपच्या पायरीवर इतक्या पडल्या की कारभाऱ्यांनी झाडू मागवला. दुपारपर्यंत अंबूचे पाय मोकळे झाले, हात मोकळे झाले, तळव्यांवर दोराचे वळ दिसले. छाती आणि तोंड मात्र दगडाचंच होतं, आणि श्वास आता जवळ उभं राहूनही जेमतेम ऐकू येत होता.

"आणखी काही राहिलंय," कारभारी म्हणाले.

केशर उभी होती. ती गप्प बसली असती तर कोणाला कळलं नसतं. दोन दूषणं सिद्ध झाली होती. अंबू तिथेच संपली असती, हैबती शूर राहिला असता, आणि आईला रोज सकाळी शिव्या द्यायला एक दगड उरला असता. नावं गेली असती, पण स्वतःच्या घरची वाट केशरला नावावाचूनही ठाऊक होती. तिने आईकडे पाहिलं. गिरजाई तिच्याकडेच पाहत होती.

"टिटवीच्या साक्षीने सांगते," केशरचा आवाज चिरकला, तिने तो पुन्हा लावला. "भोवरीचा उतार अंबूने निवडला नाही. माझ्या भावाने निवडला. हैबतीने. त्याला तो उतार माहीत नव्हता. त्याला पोहता येत नव्हतं. त्याने तीनदा खोटं सांगितलं आणि आईची शपथ घेतली. आईला सांगू नका म्हणाला, म्हणून हिने चूक आपल्या अंगावर घेतली. हिचं हे बोलणंही खोटंच होतं. आठ वर्षं मीही तेच बोलत आले."

छातीवरचा दगड फुटला. तोंडावरचा राहिला.

तेव्हा गिरजाई उठली. तिला उठायला वेळ लागला.

"राहिलेला दगड माझा आहे," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. हैबतीला गुडघ्याएवढ्या पाण्याची भीती वाटायची. पाच वर्षांचा असल्यापासून माझी शपथ घेऊन थापा मारायचा. ही ओट्यावर आली आणि चूक माझी म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं. पण लेक गेला होता. कोणावर तरी ओरडायला हवं होतं मला. रोज इथं येऊन खोटं बोलले मी. त्याला तिने मारलं नाही. तो माझाच होता, आणि तो असाच होता."

तोंडावरचा दगड फुटला, आणि अंबू कासारणीने आठ वर्षांनी मोठा श्वास घेतला. ती पडणार तोच केशरने तिला धरलं.

नागोजी कारभाऱ्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "उणेकरणी, निकाल सांगा. ही नायक व्हायला पात्र होती की अपात्र?"

केशर म्हणाली, "वाट ठाऊक नव्हती, धीर नव्हता, आणि एका थापाड्यावर विश्वास ठेवला. हिच्याहून लायक माणसं त्या वेळी राज्यात खचित असतील. ती घरात बसली होती. मीही घरातच होते. माझ्यापाशी एवढाच निकाल आहे."

कोणी वाद घातला नाही. मग अंबू बोलली. आवाज इतका खरवडलेला होता की सारी सभा पुढे वाकली.

"गिरजाई, त्याला मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायला हवं होतं. त्याच्या डोळ्यांत दिसत होतं मला. पण सगळे घाई करत होते आणि मलाही पलीकडे जायची घाई झाली होती. तेवढी चूक माझी."

सगळ्यांच्या नजरा तिच्या पायांकडे गेल्या. दगड आत्ता चढेल, मग चढेल, म्हणून लोक श्वास रोखून पाहत राहिले. काही चढलं नाही. गिरजाईने ते पाहिलं, पुढे झाली, आणि अंबूचे सोललेले हात हातात घेऊन आठ वर्षांत पहिल्यांदा मोकळी रडली.

पेटीतली सतरा नावं त्याच दुपारी आपापल्या गावी गेली. पेटी लोहाराने वितळवली आणि तिचे नांगराचे फाळ केले. शेमले लोक पुन्हा जसे जमतील तसे सोडू लागले. अंबूला गादीवर बसवायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, आधी माझं राहिलेलं उणं पुरतं बोला. केशर बोलायला लागली ती तिसऱ्या दिवशी थांबली. अंबूने सगळं ऐकून घेतलं, दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, आणि मग गळा पुढे केला. हार गिरजाईने घातला.